जामुलचा सिमेंट कारखाना : कामगारांचे गट आणि बदलाचा इतिहास

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, मुंबई–हावडा लोहमार्गाच्या उत्तरेस, भिलाई शहराला लागून जामुल ही नगरपालिकेची वस्ती आहे. लोहमार्गाच्या दक्षिणेला सार्वजनिक क्षेत्रातील भिलाई पोलाद कारखाना आणि त्याची रुंद रस्त्यांची, सेक्टरांत विभागलेली वसाहत पसरलेली आहे. उत्तरेला खासगी उद्योगांची औद्योगिक वसाहत, तिच्याभोवती वाढलेल्या कामगारवस्त्या आणि १९६५ साली सुरू झालेला असोसिएटेड सिमेंट कंपनीचा, म्हणजे एसीसीचा, कारखाना आहे. या कारखान्याच्या साठ वर्षांच्या काळात सिमेंट तयार करण्याचे तंत्र बदलले, सिमेंटच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण उठले आणि कंपनीची मालकीही एकाहून अधिक वेळा बदलली. कामाच्या ठिकाणी बदल कसा घडवावा आणि एकत्र काम करणारी माणसे त्याला कशी सामोरी जातात, हा व्यवस्थापनशास्त्रातला महत्त्वाचा प्रश्न मानला जातो. मात्र ज्या गटात बदल घडवायचा तो गट कोणाचा बनलेला आहे, ही बाब त्या शास्त्रात बहुधा गृहीत धरलेली असते. जामुलचा इतिहास हेच गृहीतक तपासायला लावतो. येथील दीर्घ संघर्ष एकाच भट्टीभोवती राबणाऱ्या माणसांपैकी कारखान्याचा माणूस कोणाला म्हणायचे, या प्रश्नाभोवती फिरत राहिला, आणि त्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत कारखान्यातला कोणताही बदल सर्वांचा होऊ शकला नाही.

धातुमळीपासून सिमेंटपर्यंत

जामुलला सिमेंट कारखाना उभा राहण्यामागे दोन कारणे होती, त्यांपैकी एक जमिनीखाली होते आणि दुसरे शेजारी. दुर्ग आणि रायपूर या जिल्ह्यांच्या पठारी भागात चुनखडकाचे विस्तीर्ण थर आहेत; भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारा चुनखडकही जामुलच्या उत्तरेकडील नंदिनी येथील खाणींतून येत असे. दुसरे कारण म्हणजे खुद्द पोलाद कारखाना. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टीत लोहखनिज वितळवताना त्यातील अशुद्ध द्रव्ये चुनखडकाशी संयोग पावून लोखंडाच्या रसावर तरंगू लागतात, त्यांना धातुमळी किंवा स्लॅग म्हणतात. लोखंडाच्या दर टनामागे कित्येक शे किलो धातुमळी निघते, आणि ती नुसती ओतून दिली तर तिचे डोंगर साचतात. मात्र हीच तप्त धातुमळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांखाली झटकन थंड केली, तर तिचे काचेसारखे दाणे बनतात आणि त्या दाण्यांना सिमेंटप्रमाणे घट्ट होण्याचा गुण येतो.

चुनखडक आणि माती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले की क्लिंकर नावाचे कठीण गोळे तयार होतात. हे क्लिंकर, धातुमळीचे दाणे आणि थोडे जिप्सम एकत्र दळून जे सिमेंट मिळते त्याला पोर्टलंड स्लॅग सिमेंट म्हणतात. यात धातुमळीचे प्रमाण किती असावे हे भारतीय मानकाने ठरवून दिलेले आहे आणि ते एकूण वजनाच्या निम्म्याच्याही पुढे जाऊ शकते. त्यामुळे पोलाद कारखान्याजवळ सिमेंट कारखाना काढणे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. एसीसी ही मुळात १९३६ साली मुंबईत दहा सिमेंट कंपन्यांच्या विलीनीकरणातून जन्माला आलेली संस्था. फ्रामरोझ एदलजी दिनशा यांनी या विलीनीकरणाची कल्पना मांडली, मात्र ते प्रत्यक्षात येण्याच्या काही महिने आधीच त्यांचे निधन झाले. ज्या वर्षी जामुलचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी कंपनीने ठाण्यात आपले केंद्रीय संशोधन केंद्रही स्थापन केले. थोडक्यात, जामुलचे तंत्र आणि त्याचे व्यवस्थापन मुंबईच्या औद्योगिक परंपरेतून आले होते, तर त्याचे मनुष्यबळ छत्तीसगढच्या भातशेतीतून.

मराठी वाचकाला या प्रदेशाचे आणखी एक नाते लक्षात घ्यावे लागते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता आणि पुढे १९५६ पर्यंत दुर्ग ज्या प्रांतात मोडत होते त्याची राजधानीही नागपूरच होती. या भागातल्या कारखान्यांच्या कामगार कायद्याचे पूर्वसूत्र नागपूरच्या विधिमंडळात संमत झालेल्या १९४७ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड औद्योगिक तंटे निवारण अधिनियमापर्यंत जाते. राज्य पुनर्रचनेनंतर १९६० साली त्याची जागा मध्य प्रदेश औद्योगिक संबंध अधिनियमाने घेतली, आणि मुंबई राज्याच्या १९४६ च्या कायद्याप्रमाणेच या नव्या कायद्याने ‘प्रतिनिधी संघटना’ ही संकल्पना स्वीकारली, म्हणजे उद्योगातील सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एका मान्यताप्राप्त संघटनेला दिला. या तरतुदीचे परिणाम जामुलमध्ये पुढे फार दूरवर गेले.

भट्टीवरचा गट आणि पोत्यांजवळचा गट

सिमेंट कारखाना बाहेरून एकसंध यंत्रासारखा दिसला तरी त्यातील काम अनेक लहान गटांत वाटलेले असते. खाणीतून आलेला दगड क्रशरमध्ये फोडणारे, कच्चा माल दळणाऱ्या गिरण्यांवर नजर ठेवणारे, फिरत्या भट्टीवर पाळी करणारे, क्लिंकर दळणारे, पोती भरणारे आणि ती वॅगनमध्ये किंवा ट्रकमध्ये चढवणारे, असे हे गट. यांत भट्टीवरच्या गटाचा मान सर्वांत मोठा. जुन्या काळी भट्टीचा मुख्य कारागीर, ज्याला कारखान्याच्या भाषेत बर्नर म्हणत, निळ्या काचेतून ज्वालेकडे पाहून तिचा रंग, भट्टीच्या आतील थरांची हालचाल आणि क्लिंकरची चकाकी यांवरून तापमान ओळखत असे आणि कोळशाचा व हवेचा पुरवठा कमी-जास्त करण्यास सांगत असे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नसे. त्याच्या हाताखाली काम करणारे मदतनीस ते वर्षानुवर्षे जवळ राहून आत्मसात करत. भट्टी सलग चालू ठेवावी लागे, म्हणून तीन पाळ्यांतील गटांना एकमेकांवर विसंबून राहावे लागे. एका पाळीने केलेली चूक दुसऱ्या पाळीच्या माथी येई, आणि त्यामुळे पाळी बदलताना भट्टीची अवस्था तोंडी समजावून सांगणे हा कामाचा अत्यावश्यक भाग असे.

पोत्यांजवळचा गट याहून वेगळा होता. पॅकिंग यंत्राच्या तोंडाला पोते लावायचे, पन्नास किलो भरले की ते उतरवायचे, पट्ट्यावरून पुढे ढकलायचे आणि वॅगनमध्ये थप्पी रचायची, हे काम धुळीत, वाकून आणि वेगाने करावे लागे. त्यातही अनुभव लागत असे, कारण थप्पी चुकीची रचली तर पोती फुटत आणि रेक वेळेत भरून निघाला नाही तर रेल्वेला दंड भरावा लागे. या कामात आणि साफसफाईच्या कामात आसपासच्या गावांतील साहू, सतनामी, कुर्मी, महार आणि गोंड समाजांतील भूमिहीन व अल्पभूधारक पुरुष येत. स्त्री मजुरांना या भागात ‘रेजा’ म्हणतात आणि त्याही या कामांत मोठ्या संख्येने असत. त्यांची हजेरी कंपनीच्या पटावर पडत नसे. ती ठेकेदाराच्या वहीत मांडली जाई आणि मजुरीही ठेकेदाराच्याच हातून मिळे.

अशा रीतीने एकाच आवारात दोन प्रकारचे कामगार निर्माण झाले. कायम कामगाराला भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस आणि वेतनवाढ यांची हमी होती. ठेका कामगाराला पुढच्या महिन्याचीही खात्री नव्हती. सिमेंट उद्योगात हा भेद कायद्याच्या नजरेतून सुटलेला नव्हता. केंद्र सरकारने १९५८ मध्ये या उद्योगासाठी वेतन मंडळ नेमले होते आणि सिमेंट उत्पादनाच्या कामात ठेका पद्धत नसावी, फक्त माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाचा अपवाद करावा आणि त्या अपवादातल्या कामगारांनाही समान वेतन मिळावे, ही भूमिका वेतन मंडळाच्या शिफारशींतून या उद्योगाला मान्य झाली होती. त्यानंतर १९७० साली संसदेने ठेका कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम संमत केला. तरीही नियम आणि व्यवहार यांच्यातील अंतर वाढत गेले. सरकारी दरनियंत्रण २८ फेब्रुवारी १९८२ रोजी अंशतः आणि १ मार्च १९८९ रोजी पूर्णपणे उठल्यावर सिमेंट कंपन्यांमध्ये खर्च कमी करण्याची स्पर्धा सुरू झाली आणि देशभर अनेक कारखान्यांत उत्पादनाशी निगडित कामेही ठेकेदारांकडे जाऊ लागली.

बदलाची सूचना कोणाला द्यायची

कारखान्यात बदल घडवण्यापूर्वी कामगारांना विश्वासात घ्यावे, हे तत्त्व भारतात मुंबईच्या गिरणगावातून पुढे आले. १९२० च्या दशकात गिरणीमालकांनी विणकरांना दोनऐवजी तीन माग सांभाळायला सांगण्यास सुरुवात केली. या योजनेला ‘रॅशनलायझेशन’, म्हणजे कामाची काटेकोर पुनर्रचना, असे नाव होते. एप्रिल १९२८ मध्ये त्याविरुद्ध सुरू झालेला सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला, त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार उतरले आणि अखेर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मूलभूत मुद्दा उपस्थित केला: विणकामाच्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा ओढून घेताना तो तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्यांचा स्पर्श चालत नसे. जे काम अधिक मजुरीचे तेच दलितांना बंद असेल, तर त्या खात्यावरील बदलाविरुद्धचा लढा त्यांचा कसा ठरणार, असा हा प्रश्न होता, आणि संपाच्या मागण्यांत दलितांच्या विणकामातील प्रवेशाचा मुद्दा घेण्यास नेत्यांना भाग पाडणारा तोच होता. कामगारांच्या एकजुटीला आतून तडा कसा जातो, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच मांडले गेले असेल.

स्वातंत्र्यानंतर या अनुभवांना कायद्याचे रूप आले. १९४७ च्या औद्योगिक तंटे अधिनियमात पुढे घातलेल्या ‘९ अ’ या कलमानुसार, कामाच्या अटींत ठरावीक प्रकारचे बदल करताना, ज्यांत कामगारकपात होण्याची शक्यता असलेली यंत्रांची किंवा पद्धतीची सुधारणाही येते, मालकाने संबंधित कामगारांना एकवीस दिवस आधी लेखी सूचना देणे बंधनकारक झाले. जुलै १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने याहून पुढे जाऊन अशी भूमिका घेतली की यंत्रसुधारणेमुळे आहेत त्या कामगारांची कपात होऊ नये आणि वाढलेल्या नफ्यात मालक, कामगार व ग्राहक या तिघांचाही वाटा असावा. मध्य प्रदेशच्या १९६० च्या कायद्यातही बदलाच्या सूचनेची तरतूद होती आणि ती कामगारांच्या प्रतिनिधीला, म्हणजे मुख्यतः प्रतिनिधी संघटनेला, द्यायची होती.

ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली असली तरी तिच्यात एक मोठी पोकळी राहिली. सूचना मालकाने आपल्या कामगाराला द्यायची, आणि ठेका कामगाराचा कागदोपत्री मालक ठेकेदार. त्यामुळे कारखान्याने नवे यंत्र आणले, काम एका ठेकेदाराकडून काढून दुसऱ्याला दिले किंवा ठेकाच संपवला, तर ज्या माणसाचे काम गेले त्याला सूचना मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. प्रतिनिधी संघटनाही बहुतेक ठिकाणी कायम कामगारांची असल्याने तिच्या वाटाघाटींच्या टेबलाभोवती त्याची खुर्ची नसे. बदलांचे नियमन करणारा कायदा, बदलाचा सर्वांत मोठा फटका ज्याला बसे त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता, आणि जामुलमधील पुढचा सारा इतिहास या पोकळीतून उगवला आहे.

दल्ली-राजहराचा पर्याय

जामुलच्या चळवळीचे मूळ भिलाईपासून सुमारे ९० किलोमीटरवरील दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणींत आहे. या खाणींतून भिलाई पोलाद कारखान्याला खनिज मिळते. शंकर गुहा नियोगी हे मूळचे बंगालमधील. १९६० च्या दशकात त्यांनी भिलाईच्या कोक ओव्हन विभागात, म्हणजे दगडी कोळशापासून कोक तयार करणाऱ्या विभागात, काम केले होते. ३ मार्च १९७७ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या २ व ३ जूनला झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जणांचे प्राण गेले. या संघाची सभासदसंख्या प्रामुख्याने ठेका मजुरांची होती, आणि त्यात खनिज फोडणाऱ्या व वाहणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा होता.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण करण्याची योजना पुढे आली. बस्तरमधील बैलाडिला येथे यंत्रे आल्यावर हजारो मजुरांचे काम गेले होते आणि १९७८ साली किरंदूल येथे गोळीबारही झाला होता, त्यामुळे दल्ली-राजहरातील भीतीला पुरेसे कारण होते. संघाने यंत्रांना सरसकट विरोध केला नाही. त्याने ‘अर्ध-यांत्रिकीकरणा’चा प्रस्ताव मांडला: जी कामे अत्यंत कष्टाची किंवा धोक्याची आहेत आणि जिथे यंत्रामुळे खनिजाची गुणवत्ता सुधारते तिथे यंत्र यावे, पण खोदणे आणि हाताने निवडणे यांसारख्या कामांत माणसांचा वापर कायम राहावा. खर्चाची तुलना करताना केवळ यंत्राची क्षमता न मोजता त्याच्या देखभालीचा, सुट्या भागांचा आणि रोजगार बुडाल्याने होणाऱ्या सामाजिक तोट्याचाही हिशेब धरावा, असा त्याचा आग्रह होता. पोलाद कारखान्याच्या व्यवस्थापनाने या प्रस्तावाची दखल घेतली आणि दल्लीच्या खाणींत पुढे अर्ध-यांत्रिक पद्धतीने काम झाले. ‘संघर्ष आणि निर्माण’ हे या चळवळीचे सूत्र होते. ३ जून १९८३ रोजी सुरू झालेले, कामगारांच्या वर्गणीतून उभे राहिलेले शहीद रुग्णालय हे त्यातील निर्माणाचे ठळक उदाहरण.

या घटनेचे महत्त्व असे की बदलाचा आराखडा ज्यांच्यावर तो लादला जाणार होता त्यांच्याकडूनच पुढे आला. खाणीतला मजूर दगडाची जात, थराची खोली आणि पावसाळ्यात वाटांची होणारी अवस्था जाणत होता. हे ज्ञान योजनेत आणल्यामुळे व्यवस्थापनाला चालू राहणारी खाण मिळाली आणि मजुरांना काम. अशी देवाणघेवाण घडण्यासाठी एक पूर्वअट मात्र पूर्ण व्हावी लागली होती, ती म्हणजे ठेका मजुरांच्या संघटनेला बोलणी करणारा पक्ष म्हणून मान्यता मिळणे.

जामुलमधील उठाव आणि त्याची किंमत

१९९० च्या सुमारास ही चळवळ भिलाईत आली आणि तिने पहिले मूळ धरले ते जामुलच्या सिमेंट कारखान्यातील ठेका कामगारांमध्ये. प्रगतिशील सिमेंट श्रमिक संघ या नावाने त्यांची संघटना उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या यशामुळे औद्योगिक वसाहतीतील इतर कारखान्यांचे कामगारही याच चळवळीच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या लाल-हिरव्या झेंड्याखाली येऊ लागले. जगण्यापुरते वेतन, आठ तासांचा दिवस, कायम नोकरी आणि संघटना केल्याबद्दल काढलेल्यांना परत घेणे, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांतील बहुतेक कायद्यात आधीच लिहिलेल्या होत्या. या मागण्यांना उत्तर म्हणून हजारो कामगारांना कामावरून काढण्यात आले.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी भिलाईतील हुडको वसाहतीत झोपेत असताना त्यांची गोळी झाडून हत्या झाली. पुढे चाललेल्या खटल्यात सत्र न्यायालयाने उद्योगपतींसह अनेकांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याला पुन्हा दोषी ठरवून इतरांची मुक्तता मान्य केली. हत्येनंतरही मागण्या सुटल्या नाहीत. १ जुलै १९९२ रोजी कामगार आणि त्यांची कुटुंबे भिलाई पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसली असता झालेल्या पोलीस गोळीबारात पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आजही दरवर्षी त्या दिवशी कामगार तिथे जमून त्यांना आदरांजली वाहतात.

एवढ्या रक्तपातानंतर चळवळ संपेल अशी अपेक्षा करणाऱ्यांचा अंदाज चुकला, कारण जामुलच्या कामगारांनी लढ्याचे ठिकाण न्यायालयात हलवले. ज्येष्ठ कार्यकर्त्या सुधा भारद्वाज यांनी वयाच्या चाळिशीत वकिलीची सनद घेतली आणि अशा कामगारांचे खटले चालवले. ही वाट सोपी नव्हती. ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात असा निर्णय दिला की ठेका पद्धत बंद करण्याचा आदेश निघाला तरी ठेका कामगार आपोआप मूळ कंपनीचे कामगार होत नाहीत; ठेका केवळ दिखाऊ होता हे औद्योगिक न्यायालयापुढे सिद्ध करावे लागेल. सिद्ध करण्याचा भार असा कामगारावर आला, तर हजेरीची वही मात्र ठेकेदाराकडे राहिली. जामुलच्या कामगारांचा दावा औद्योगिक न्यायालयात आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयात मान्य झाला, तरी अपिलांमुळे त्याची अंमलबजावणी लांबत गेली.

मालक बदलतो तेव्हा

या दरम्यान कंपनीच्या वरच्या मजल्यावर मोठी उलथापालथ झाली. २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या होल्सिम कंपनीने अंबुजा समूहाच्या साथीने एसीसीचे नियंत्रण मिळवले. कामगारांसाठी या बदलामुळे एक नवे दार उघडले. विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत, आणि त्यांचा भंग झाल्याची तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक सदस्य देशात ‘राष्ट्रीय संपर्क केंद्र’ नावाची यंत्रणा असते. तिला शिक्षा देण्याचा अधिकार नसतो, पण दोन्ही पक्षांना चर्चेला बसवता येते. २०१२ मध्ये प्रगतिशील सिमेंट श्रमिक संघाने स्वित्झर्लंडच्या अशा केंद्राकडे तक्रार दाखल केली आणि तेथील कामगार संघटनांनी तिला पाठिंबा दिला. जामुलचा रोजंदारीचा माणूस आणि झुरिकचा संचालक पहिल्यांदाच एका प्रक्रियेत समोरासमोर आले. अखेर जानेवारी २०१६ मध्ये कंपनी आणि संघ यांच्यात करार झाला आणि ठेका कामगारांच्या नोकरीच्या व वेतनाच्या प्रश्नावर, संघटना उभी राहिल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, वाटाघाटींनी तोडगा निघाला.

हा करार झाला त्याच सुमारास जामुलमध्ये वर्षाला सुमारे २८ लाख टन क्लिंकर देणारी नवी उत्पादन शाखा सुरू झाली. आधुनिक भट्टीवर निळ्या काचेतून ज्वाला पाहणारा कारागीर लागत नाही. मध्यवर्ती नियंत्रणकक्षात पडद्यांवर तापमान, दाब आणि वायूंचे प्रमाण दिसते आणि मोजके प्रशिक्षित कर्मचारी सर्व यंत्रणा चालवतात. मात्र भट्टीच्या आतील उष्णतारोधक विटा बदलणे, चिकटलेला माल फोडून वाट मोकळी करणे, पट्ट्यांखालची साफसफाई, ही कामे आजही माणसालाच करावी लागतात, आणि त्यात जोखीम जास्त असते. यांत्रिकीकरणाने असे काम नाहीसे झाले नाही, तर ते करणारा माणूस नियंत्रणकक्षाच्या पडद्यावरून आणि कंपनीच्या पटावरून दिसेनासा होण्याचा धोका वाढला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत दीर्घ अभ्यास केला आणि २०२० मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्या निरीक्षणानुसार पोलाद कारखान्यातील कायम कामगारांच्या गटांत निरनिराळ्या प्रांतांतली आणि जातींतली माणसे एकत्र जेवत आणि एकमेकांना सांभाळून घेत, परंतु कायम आणि ठेका कामगार यांच्यातील दरी काळाबरोबर वर्गभेदाइतकी खोल होत गेली. पोलाद कारखान्याची कायम कामगारसंख्या १९८० च्या दशकाच्या मध्यात साठ हजारांहून अधिक होती आणि पुढच्या तीन दशकांत ती निम्म्याहूनही खाली आली. तेवढ्या प्रमाणात कामे ठेक्यावर गेली. जातीच्या भिंती ज्या भट्टीजवळ काही अंशी ढासळल्या तिथेच नोकरीच्या प्रकाराची नवी भिंत उभी राहिली, हे भिलाईच्या औद्योगिक प्रयोगातील सर्वांत कठोर वास्तव आहे.

महाराष्ट्राचा एक दाखला

ओझी उचलणाऱ्या कामगाराला स्थैर्य देता येत नाही, असे मानण्याचे कारण नाही, हे महाराष्ट्राने याआधीच दाखवले होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या माथाडींनी, म्हणजे माथ्यावर ओझे वाहणाऱ्या कामगारांनी, उभारलेल्या चळवळीतून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. या कायद्याने मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन केली. माल उतरवून घेणारा व्यापारी मजुरी आणि ठरावीक आकार मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस व रजा देते. मालक रोज बदलला तरी कामगाराची नोंद आणि हक्क टिकून राहतात, हे या योजनेचे सामर्थ्य आहे. सिमेंट वेतन मंडळाने चढ-उताराचे काम अपवाद म्हणून सोडून दिले होते. त्याच कामासाठी महाराष्ट्रात संपूर्ण व्यवस्था उभी राहिली. कामाचे स्वरूप सारखेच असताना दोन प्रदेशांत कामगाराचे आयुष्य इतके वेगळे का झाले, याचे उत्तर त्याची नोंद कोणाकडे आणि कोणत्या अधिकाराने होते यात आहे.

इतिहासाचा निष्कर्ष

सप्टेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने होल्सिमकडून एसीसी आणि अंबुजा या दोन्ही कंपन्यांचे नियंत्रण घेतले. त्याआधी, २०२० मध्ये संसदेने औद्योगिक संबंध संहिता संमत करून जुन्या कायद्यांची नव्याने मांडणी केली होती, आणि बदलाच्या सूचनेची तरतूद त्या संहितेतही आहे. जामुलच्या अनुभवाच्या उजेडात या तरतुदीचे मूल्यमापन एकाच कसोटीवर करावे लागेल: ही सूचना ठेकेदाराच्या वहीत नाव असलेल्या माणसापर्यंत पोहोचते का? ती पोहोचत नसेल, तर मालकाने कितीही सद्भावनेने बदल आखला तरी त्याचा आराखडा कारखान्याच्या अर्ध्याच ज्ञानावर उभा असेल, आणि उरलेले अर्धे ज्ञान तंट्याच्या, संपाच्या किंवा खटल्याच्या वाटेने आपले अस्तित्व दाखवून देईल.

दल्ली-राजहरात मजुरांना बोलणीचा पक्ष मानल्यावर काही वर्षांतच काम देणारी तडजोड निघाली; जामुलमध्ये तेच मान्य व्हायला पंचवीस वर्षे लागली आणि त्या काळात माणसांचे प्राण गेले, संसार उद्ध्वस्त झाले, एका पिढीची उमेद न्यायालयाच्या तारखांत खर्ची पडली. व्यवस्थापनाने बदल सुरू करताना प्रशिक्षण, संवाद आणि प्रोत्साहन यांचा विचार करणे योग्यच आहे, परंतु या सर्वांच्या आधी येणारे काम हजेरीपट पूर्ण करण्याचे आहे. जो कारखान्यासाठी रोज राबतो त्याचे नाव कारखान्याच्या पटावर येणे, त्याच्या प्रतिनिधीला बदलाच्या चर्चेत जागा मिळणे आणि बदलातून वाढलेल्या उत्पन्नात त्याचा वाटा ठरणे, एवढी किमान अट पाळली तरच अनेक माणसांचा जमाव एक गट बनतो आणि तो गट बदलाला सामोरा जाऊ शकतो. जामुलच्या कामगारांनी पाव शतक लढून भारतीय उद्योगाला शिकवलेला हा धडा पुढच्या मालकांनी, संघटनांनी आणि कायदे करणाऱ्यांनी आपापल्या निर्णयांच्या मुळाशी ठेवला पाहिजे.